खुलासा: कंत्राटदाराचं बिल चुकतं केलं, तरी घरावर बोजा चढू शकतो

कॅलिफोर्नियात घराचं काम काढणाऱ्या आपल्या मंडळींत एक समज घट्ट बसलाय: मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले की घरमालक सुटला. तसं नाही. त्याने टाइल्सवाल्याचे किंवा लाकूड पुरवणाऱ्याचे पैसे बुडवले, तर तो टाइल्सवाला किंवा पुरवठादार थेट तुमच्या घरावर 'मेकॅनिक्स लीन', म्हणजे बोजा, नोंदवू शकतो. हा हक्क राज्याच्या घटनेतच आहे. तुमच्याकडची पावती त्यापुढे चालत नाही, आणि एकाच कामाचे दोनदा पैसे मोजायची वेळ येऊ शकते. अन्यायच वाटतो, पण कायदा असा आहे.

समज अगदीच हवेतला नाही. न्यूयॉर्कमध्ये पोटकंत्राटदाराचा (मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली काम करणाऱ्याचा) बोजा साधारणपणे मालकाकडून मुख्य कंत्राटदाराला अजून येणं असलेल्या रकमेपुरताच चालतो. तिथला नियम इथे सर्रास ऐकवला जातो.

उलट बाजूचा समजही चुकीचा: बोजा नोंदवला म्हणजे पैसे आलेच. पोटकंत्राटदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालकाला प्राथमिक नोटीस द्यावी लागते. उशीर झाला, तर नोटिशीआधीच्या फक्त २० दिवसांचं आणि त्यानंतरचं काम धरलं जातं. नोंदणीनंतर ९० दिवसांत दावा लावला नाही, तर बोजा सहसा निरुपयोगी.

अशी नोटीस घरी आली की कंत्राटदाराशी भांडायला धावू नका; ती धमकी नसते. उलट ती जपून ठेवा, कामावर कोण कोण आहे ते त्यातूनच कळतं. हप्ता देताना त्या प्रत्येकाचा हक्कसोडीचा (बोजाचा हक्क सोडल्याचा) कायद्याने ठरवलेला फॉर्म मागा, नाहीतर चेक कंत्राटदार आणि तो, अशा दोघांच्या नावे काढा.