‘संकीर्ण’ कपाट आणि उपयुक्त पुस्तकांचा जुना घोळ

नाशिकमधल्या एका मध्यम वाचनालयात गेले काही महिने एका ठरावावरून धुसफूस चालू आहे. ठराव चार ओळींचा आहे. सलग तीन वर्षं एकदाही घरी न गेलेलं पुस्तक ‘अनुपयुक्त’ समजावं आणि बाद करावं. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं जिन्यापर्यंत बसतात, त्यांना जागा हवी, ही त्यामागची गरज उघड आहे. पण यादी निघाली तेव्हा तिच्यात कथा-कादंबऱ्या थोड्याच होत्या. बहुतेक पुस्तकं ‘संकीर्ण’ अशी पाटी लावलेल्या कपाटातली निघाली: शेअर बाजाराची आणि करबचतीची मार्गदर्शकं, मोटार रिवाइंडिंगपासून द्राक्षबागेपर्यंतची तांत्रिक पुस्तकं. त्याच कपाटाच्या खालच्या फळीवरची ग्राफिक नॉव्हेलं मात्र सगळी बचावली. त्यांच्या तारीखपट्ट्या भरून गेल्या होत्या, वर दुसऱ्या डकवलेल्या होत्या. म्हणजे ठरावाच्या हिशेबाने पैशांचं पुस्तक निरुपयोगी आणि चित्रांचं उपयुक्त. समितीतल्या ज्येष्ठांना नेमकं हेच पचेना.

‘उपयुक्त’ हा शब्द मराठी ग्रंथव्यवहाराला चिकटला तो एकोणिसाव्या शतकात. नाशिकचं सर्वांत जुनं वाचनालय १८४० सालचं, आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं देणारी पुण्याची समिती १८५१ सालची. त्या काळात उपयुक्त म्हणजे भूगोल, पदार्थविज्ञान, शेती, व्यापार. पुढे कादंबरी आली तेव्हा ती वेळ घालवायची गोष्ट मानली गेली. आज चित्र उलटं आहे. वाचनालयाच्या दर्शनी कपाटांत कादंबरी आणि चरित्र, आणि व्यवहाराचं पुस्तक आतल्या खोलीत.

घोळाचं खरं मूळ मात्र १९३१ सालच्या एका वाक्यात आहे. ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत त्या वर्षी मांडले गेले, त्यातला पहिला मराठीत ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा सांगितला जातो. अनेक वाचनालयांच्या भिंतीवर तो रंगवलेला सापडेल. मूळ रोख साधा होता: पुस्तकं कुलुपात, साखळीत जपून ठेवायची नाहीत, लोकांच्या हाती द्यायची. कोणतं पुस्तक उपयुक्त आणि कोणतं नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. उपयोग होतो की नाही हे बघता येतं, मोजताही येतं. उपयुक्त आहे की नाही हे मात्र कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याला विषय थोडातरी कळावा लागतो. ठरावात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसले. ‘उपयोग झाला नाही’ याचं ‘अनुपयुक्त आहे’ झालं, आणि उपयोग म्हणजे फक्त देवघेव, तीही घरी नेण्याची, असं गृहीत धरलं गेलं. टेबलावर बसून वाचलेलं पुस्तक कुठेच लिहिलं जात नाही.

दुसरा शब्द ‘संकीर्ण’. तालशास्त्रात संकीर्ण म्हणजे नऊ मात्रांची जाती. हिंदीत संकीर्ण म्हणजे अरुंद, कोत्या मनाचं. मराठी वाचनालयात संकीर्ण म्हणजे कुठेच न बसलेलं. हाताने लिहिलेल्या दाखल नोंदवहीत कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र, प्रवास, धार्मिक, बाल एवढे रकाने झाले की उरलेलं सगळं यात. खरं तर १८७६ साली निघालेल्या दशांश वर्गीकरणात ही तीन प्रकारची पुस्तकं एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. गुंतवणूक ३३२ मध्ये, वाहनदुरुस्ती ६२९ मध्ये, चित्रकथा ७४१.५ मध्ये, तीही चित्रकलेच्या शेजारी. पण हे आकडे बऱ्याच ठिकाणी कणावरच्या चिठ्ठीपुरतेच राहिले. कपाटं भरली गेली ती नोंदवहीतल्या शब्दांप्रमाणे. म्हणून ‘पैसे कसे वाढवाल’ छापाचं पुस्तक, पंपदुरुस्तीचं पुस्तक आणि चित्रांची कादंबरी एका फळीवर आली आणि पुढे त्यांना एकच कसोटी लागली.

पुस्तकं इतकी वर्षं बाद का झाली नाहीत, याचं उत्तर कायद्याच्या अंमलात आहे. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखालच्या नियमांनी वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे दिले, दर्जाप्रमाणे अनुदान ठरलं, आणि दर्जा ठरवण्याच्या निकषांत ग्रंथसंख्या आली. मग कोण कशाला पुस्तक काढेल? २००३ चं आयकर मार्गदर्शक आणि चालू वर्षाचं आयकर मार्गदर्शक मोजणीत सारखंच एक भरतं. वर मार्चअखेरची खरेदी. विक्रेत्याकडून जास्त सूट मिळते ती कुठल्या पुस्तकांवर, हे त्या खरेदीच्या बिलांकडे एक नजर टाकली तरी समजतं. २०२२ च्या अखेरीस अनुदानात साठ टक्के वाढ मंजूर झाली, ड दर्जाच्या वाचनालयाचे वर्षाचे तीस हजारांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. ग्रंथसंख्येचा निकष होता तिथेच आहे.

आता पैशांची पुस्तकं. मराठीत ती नव्वदच्या दशकात खऱ्या अर्थाने खपू लागली. नाशिकरोडला नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यांतून निवृत्त होणारे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून स्वेच्छानिवृत्ती घेणारे, असा हातात एकरकमी पैसा आलेला वाचक शहरात तयार होता. त्या काळातलं मार्गदर्शक उघडलं की पहिल्या दहा पानांत किसान विकास पत्र सापडतं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. १९८८ ला योजना सुरू झाली तेव्हा ते खरंच होतं. १९९९ पासून मुदत लांबत गेली, २०११ ला योजना बंद झाली, २०१४ ला पुन्हा आली, आणि आज दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. त्याच पुस्तकांत युनिट ट्रस्टची ‘युनिट ६४’ ही योजना बँकेइतकी सुरक्षित म्हणून सांगितलेली असे. जुलै २००१ मध्ये तिची पुनर्खरेदी, म्हणजे युनिटं परत देऊन पैसे घेण्याची सोय, थांबली आणि ती पानं एका रात्रीत रद्दी झाली. पुस्तक वाचनालयात तसंच राहिलं, चांगल्या पुठ्ठ्यात.

पुढच्या पिढीच्या मार्गदर्शकांची गत वेगळी नाही. २००४ ते २०१८ शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त होता, म्हणून सगळ्या पुस्तकांत ‘वर्षभर थांबा, कर शून्य’ हा मंत्र. २०१८ ला लाखावरच्या नफ्यावर दहा टक्के आले, जुलै २०२४ पासून सव्वा लाखावर साडेबारा. २००५ ते २००७ च्या पुस्तकांत नव्या म्युच्युअल फंडाचं युनिट ‘फक्त दहा रुपयांना’ घ्यायचा आग्रह दिसतो. जणू दहा रुपयांचं युनिट शंभराच्या युनिटापेक्षा स्वस्त असतं! हा आग्रह कुठून आला ते कळायला शेवटचं पान बघावं. तिथे लेखकाचा फोन आणि ‘सर्व फंडांचे फॉर्म मिळतील’ अशी ओळ असे. ऑगस्ट २००९ मध्ये गुंतवणूक करतानाच कापला जाणारा, विक्रेत्याचं कमिशन ज्यातून निघे तो प्रवेशभार बंद झाला, आणि अशी पुस्तकंही पातळ झाली.

यावरून जुनं मार्गदर्शक फेकून द्यावं असं वाटेल, आणि करांचे दर सांगणारं असेल तर फेकावंच. पण चक्रवाढीचं गणित, विम्याला गुंतवणूक समजू नये हे, हमीपत्रावर सही करण्याआधी काय वाचावं, ही प्रकरणं तीस वर्षांत शिळी झालेली नाहीत. २०१४ साली याच शहरातून चाललेल्या एका साखळी योजनेत हजारो लोकांचे पैसे बुडाले. ‘दामदुप्पट’चं आश्वासन कसं ओळखावं हे सांगणारं प्रकरण त्याआधीच्या कितीतरी पुस्तकांत होतं. ती पुस्तकं वाचनालयात होती आणि घरी जात नव्हती. आता ती अनुपयुक्त होती की त्यांचा उपयोग झाला नाही, हे ठरावाने सांगावं.

तांत्रिक पुस्तकांत नाशिकचा अनुभव जास्त बोलका आहे तो द्राक्षामुळे. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या बागायतदारांसाठी लिहिलेली पुस्तकं हीच इथली खरी मॅन्युअलं: खरड छाटणी कधी, गोडी छाटणी कधी, कोणत्या दिवशी कोणतं संजीवक किती. जुन्या पुस्तकांत खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला सीसीसी या वाढरोधक रसायनाच्या फवारण्या दिलेल्या असत. शेतकऱ्याच्या तोंडी ते लिहोसिन. घडनिर्मिती सुधारते म्हणून सगळेच मारत. २०१० च्या हंगामात युरोपात याच रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले, मालाचे कंटेनर अडकले आणि निर्यातदारांचं कंबरडं मोडलं. त्या दिवसापासून फवारणीचं ते वेळापत्रक निर्यातीची बाग धरणाऱ्यासाठी उपयुक्त नव्हे, घातक ठरलं. पण त्याच पुस्तकात काडीची जाडी किती हवी, किती डोळ्यांवर छाटावं, वेलीला वळण कसं द्यावं हे जे आहे, ते पुढच्या हंगामांतही तितकंच खरं राहिलं. अर्धं पुस्तक बाद करायची सोय कुठल्याच नोंदवहीत नाही. एका ग्रंथपालांनी त्या पानावर पेन्सिलीने ‘हे आता मारू नये’ लिहून ठेवल्याचं मी पाहिलं आहे. पुस्तकावर लिहिणाऱ्याला दंड करणारी पाटी त्यांच्या डोक्यावरच होती.

कारखान्याच्या मॅन्युअलची तऱ्हा निराळी. सीएनसी मशीनचं मॅन्युअल मशीनबरोबर येतं, वाचनालयात येत नाही. वाचनालयात येतात ती आयटीआयच्या मुलांसाठीची मराठी पुस्तकं, आणि तिथे भाषाच आडवी येते. परिभाषा कोशाने पिस्टनला दट्ट्या केलं, गिअरला दंतचक्र. अंबडच्या शॉपफ्लोअरवर दट्ट्या मागितला तर कुणी वळूनही बघणार नाही. वंगण मात्र सगळे म्हणतात, झडपही चालते. कोश रुजला तो एवढाच. ज्या पुस्तकाने लेथ, चक, टूल पोस्ट असेच शब्द ठेवले ते वापरलं गेलं. वापरलं गेलं म्हणजे कसं, तर मुलगा येतो, दोन आकृत्यांची पानं शोधतो, खालच्या दुकानातून झेरॉक्स काढतो आणि पुस्तक टेबलावर ठेवून जातो. देवघेवीत शून्य. मॅन्युअल कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतं का?

आणि मॅन्युअल जुनं झालं म्हणजे मेलं असंही नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे वाहनांच्या धुराचं नवं मानक लागू झालं, नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. पण पंचवटीतल्या गॅरेजच्या दारात जोवर जुन्या गाड्या उभ्या आहेत तोवर कार्बोरेटर ट्यूनिंगचं प्रकरण लागणारच. उलट असं पुस्तक आता नवीन छापलं जाणार नाही, म्हणून जपायला हवं.

ग्राफिक नॉव्हेलांकडे यायला उशीर झाला, वाचनालयांनाही झाला होता. चित्रकथा मात्र इथे जुनीच. १९६४ ते १९९० वेताळाचे, म्हणजे फँटमचे, अंक मराठीत वाचलेली पिढी आज समितीत बसते आणि तीच म्हणते की चित्रांचं पुस्तक म्हणजे पोरखेळ. १९६७ पासून पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रकथा आल्या, त्या ‘संस्कार’ या सदरात मोडत असल्याने कुणाची हरकत नव्हती. गोंधळ सुरू झाला तो मोठ्यांसाठीची चित्रकादंबरी आल्यावर. १९९२ साली अमेरिकेत छळछावण्यांवरच्या एका चित्रकथेला पुलित्झर पुरस्कार दिला गेला. १९९४ मध्ये नर्मदेच्या धरणावरची भारतीय चित्रकादंबरी इंग्रजीत आली. मराठीत अशी पुस्तकं आजही थोडी आहेत, रंगीत छपाईमुळे महाग आहेत, आणि एकाच्या किमतीत तीन-चार कादंबऱ्या येतात, हा खरेदीच्या बैठकीतला नेहमीचा मुद्दा. ठेवायचं कुठे हाही प्रश्न. बालविभागात ठेवलं की पालक तक्रार करतात, कादंबरीत ठेवलं की ज्येष्ठ करतात. म्हणून संकीर्ण.

त्यांची देवघेव जास्त दिसते यात थोडी लबाडी आहे, हे मान्य करायला हवं. चित्रकादंबरी एका संध्याकाळी वाचून होते, दुसऱ्या दिवशी परत येते. जाड चरित्र महिनाभर घरी राहतं आणि नोंद एकच. तरीही जो मुलगा दुसरं काही नेत नाही तो हे नेतो, आणि बांधणी सुटेपर्यंत नेतो. याला उपयोग म्हणायचं नसेल तर पहिला सिद्धांत भिंतीवरून पुसावा लागेल.

ठराव अजून रद्द झालेला नाही. मध्यंतरी एक तडजोड सुचवली गेली: संकीर्ण कपाट मोडावं, करांची पुस्तकं पाच वर्षांनी आपोआप काढावीत, मॅन्युअलांवर ‘टेबलावर वाचण्यासाठी’ असा शिक्का मारून स्वतंत्र वही ठेवावी, चित्रकादंबऱ्यांना त्यांचं नाव लिहिलेली फळी द्यावी. वही कोण भरणार यावर बैठक उठली. बाद पुस्तकांची यादी तोवर सूचनाफलकावर लागली आहे. ती वाचून काही सभासदांनी त्यातली पुस्तकं मुद्दाम घरी नेली, त्यात १९९० च्या दशकातलं एक शेअर मार्गदर्शकही आहे. तारीखपट्टीवर शिक्का पडला, त्यामुळे नियमाप्रमाणे ते आता पुढची तीन वर्षं उपयुक्त आहे.