अंबरातले भुंगे: कुल ठरवायचं कशावरून?

गोव्यात अंबर, म्हणजे झाडाची जीवाश्म झालेली राळ, सापडत नाही. इथला जांभा आणि त्याखालचे अब्जावधी वर्षं जुने खडक त्या कामाचे नाहीत. पण पावसाच्या तोंडावर सत्तरीच्या रानात चमकणाऱ्या काजव्यांचे भाऊबंद अंबरात आहेत, आणि वाद त्यांच्याच गोतावळ्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकात बाल्टिक अंबरातले भुंगे भिंगाखाली बघून सर्रास आजच्याच वंशांत बसवले जात. ते बरंचसं खपूनही गेलं, कारण ते अंबर 4 कोटी वर्षांच्या आसपासचं. खरी पंचाईत केली ती म्यानमारच्या काचिन भागातल्या अंबराने. 2012 मध्ये त्याचं वय सुमारे 9 कोटी 90 लाख वर्षं निघालं, आणि नव्या कुलांची (कुल म्हणजे जवळच्या वंशांचा गट) रांगच लागली.

भुंग्याचं कुल नुसत्या पाठीवरून ठरत नाही. मागच्या पायांची मुळं कशी बसलीत, पोटाचे किती खंड खालून दिसतात, पावलाला पेरं किती, हे बघावं लागतं. आणि नेमका तिथेच बुडबुडा किंवा दुधाळ थर आडवा येतो. 2019 मध्ये अशाच एका भुंग्यासाठी नवं नामशेष कुल काढलं. नावात 'मिस्टीरिओ', म्हणजे गूढ, घातलं, यातच सगळं आलं. पुढच्याच वर्षी चांगले नमुने मिळाले, मिशा आणि मुखावयव नीट दिसले, तेव्हा काजवे आणि उलटा टाकला की टक्कन उडणारे भुंगे यांच्या महाकुलात त्याची सोय लागली. कुल मात्र कायम राहिलं. 2021 मध्ये पोटावर प्रकाशाचा अवयव असलेला नर सापडला, त्यालाही स्वतंत्र कुल. एकेका जातीसाठी कुल उभं करणं ही घाईच वाटते. उलट बाजूचं म्हणणंही खोडता येत नाही: जिवंत कुलात बळेच कोंबलं, तर त्या कुलाचं वय फुगतं आणि त्यावर बेतलेला, जनुकांवरून काढलेला उत्क्रांतीचा कालक्रम सगळाच सरकतो.

फेरतपासणीने हे मिटलं असतं. पण 2017 मध्ये काचिनच्या खाणी लष्कराच्या ताब्यात गेल्या, तिथलं अंबर अभ्यासावं की नाही यावरच वाद पेटला, आणि बरेच नमुने खासगी संग्रहांत आहेत.

आपल्या जवळचं अंबर गुजरातच्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींतलं. त्यातल्या कीटकांचं पहिलं मोठं वर्णन 2010 चं, वय 5 कोटी वर्षांच्या वर. ते शालाच्या कुलातल्या झाडांच्या राळेचं आहे आणि अजून पुरतं घट्ट झालेलं नाही. योग्य द्रावकात ते विरघळतं, कीटक अख्खा बाहेर येतो आणि उलटा करून त्याची पेरं मोजता येतात.