पंपावरची दहा माणसं

जुन्या गोव्यात आज चर्च उभी आहेत, शहर मात्र उरलेलं नाही. सोळाव्या शतकात माणसांनी गजबजलेली ही राजधानी साथींनी पोखरून काढली. 1543 साली पटकीने थैमान घातलं, पुढे हिवतापाने ठाण मांडलं. तिथली जमीन जांभ्याची, सच्छिद्र. घरादारातली घाण तिच्यातून झिरपत विहिरीत उतरायची आणि लोक तेच पाणी प्यायचे. 1759 मध्ये व्हाइसरॉयने बिऱ्हाड पणजीला हलवलं, 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. साथीत माणसं गेली, पण शहर ओस पडलं त्यात या पाण्याचा आणि घाणीचा मोठा हात होता.

25 मार्च 2020 रोजी गोव्यात कोरोनाचे पहिले तीन रुग्ण सापडले, त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. कचेऱ्यांतले बरेच लोक घरी बसून काम करू लागले. पणजीचं पाणी मात्र फोंडा तालुक्यातल्या ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पातून, खांडेपार नदीतून येतं. ते घरी बसून सोडता येत नाही.

अशा प्रकल्पावर नेमकं काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की नदी लाल होते. गाळ खाली बसवायला तुरटी किती लागेल हे रोज नव्याने ठरवावं लागतं. काचेच्या भांड्यांत पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा टाकून ढवळायचं आणि कुठल्या भांड्यातलं पाणी आधी निवळतं ते पाहायचं. मग क्लोरीन. नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग चढतो; रंग जितका गडद तितकं क्लोरीन जास्त. आपल्या घरच्या नळाला पाणी पोचेपर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं. त्या पिवळ्या छटेवर नजर बसायला काही पावसाळे जावे लागतात. हे काम करणारा माणूस तापाने आडवा झाला तर दुसऱ्या टेबलावरचा कारकून उचलून त्याच्या जागी बसवता येत नाही.

म्हणून साथीच्या काळात खरा प्रश्न असतो तो अशा मोजक्या माणसांना एकाच वेळी आजारी पडू न देण्याचा. इथे साधं गणित कामाला येतं. समजा, पाण्याच्या पंपावर दहा जण आहेत आणि प्रत्येकाला बाहेरून लागण होण्याची शक्यता 5 टक्के आहे. दहाही जण एकाच खोलीत डबा खात असतील, तर निदान एक जण रोग आत घेऊन येण्याची शक्यता 40 टक्के होते. एकाने आणला की सगळे सापडले. आता याच दहांच्या पाच-पाचच्या दोन तुकड्या करा आणि त्या एकमेकींना भेटणार नाहीत असं बघा. एका तुकडीत रोग शिरण्याची शक्यता सुमारे 23 टक्के राहते, पण दोन्हींत एकाच वेळी शिरण्याची शक्यता 5 टक्क्यांवर येते. औषध नाही, यंत्र नाही, फक्त डबा वेगळ्या जागी खायचा आणि पाळी बदलताना निरोप फोनवर द्यायचा.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले उरी अलोन आणि त्यांचे सहकारी 2020 मध्ये याच्याही पुढे गेले. विषाणू शरीरात शिरल्यावर माणूस दुसऱ्याला बाधू लागतो तो साधारण तीन दिवसांनी. मग चार दिवस काम आणि दहा दिवस घर असं चक्र ठेवलं, तर कामावर लागण झालेला माणूस सर्वांत जास्त बाधणारा होतो तेव्हा तो बहुधा घरी असतो. पंपाला रात्रंदिवस माणूस लागतो, त्यामुळे हे चक्र तिथे जसंच्या तसं बसत नाही. तुकड्या वाढवाव्या लागतात. आणि तुकड्या वाढवायच्या तर काम येणारी माणसंही आधीच जास्त हवीत. ती साथ सुरू झाल्यावर तयार होत नाहीत.

कचऱ्याच्या बाबतीत आपण सुरुवातीला भलत्याच गोष्टीला जास्त घाबरलो. प्लॅस्टिकवर विषाणू 72 तासांपर्यंत सापडतो असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही वापरलेले मास्क 72 तास कागदी पिशवीत ठेवून मगच सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं. काळजी योग्यच होती. पण नंतर स्पष्ट झालं की हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो. म्हणजे सफाई कामगाराला आपल्या दारातल्या पिशवीपेक्षा जास्त धोका होता तो गाडीच्या बंद केबिनमध्ये खांद्याला खांदा लावून बसण्याचा. काच खाली करणं आणि एका गाडीवर रोज तीच जोडी ठेवणं, हे उपाय हातमोज्यांइतकेच मोलाचे होते.

गोव्यात एक महानगरपालिका आणि तेरा नगरपालिका आहेत. या प्रत्येक ठिकाणी कुठलं काम कोणाला येतं आणि तो नसेल तर दुसऱ्या कोणाला येतं, याची यादी एका कागदावर मावेल. ज्या कामापुढे एकच नाव असेल, तिथे या पावसाळ्याआधी दुसऱ्या माणसाला शिकवायला घ्यावं.

हे सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: ताप आलेला माणूस घरी थांबेल. रोजंदारीवरचा माणूस थांबत नाही. खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले, म्हणून तो गोळी घेऊन गाडीवर चढतो आणि आपण आखलेल्या तुकड्या पहिल्याच दिवशी मोडतात. माझं म्हणणं आहे की कंत्राटी कामगाराच्या आजारपणाच्या भरपगारी रजेचे पैसे साथनियंत्रणाच्याच अंदाजपत्रकात धरावेत, मास्क आणि क्लोरीन ज्या पानावर आहेत त्याच पानावर.