सिएरा नेवाडात एकट्याने मुक्काम: परवाना कसा काढायचा, कोणाला मिळतो, कुठले कागद लागतात

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात उन्हाळ्यात एकट्याने दोन-चार रात्री राहायचं असेल, तर जागेच्या आधी परवान्याचा विचार करावा. कुठली दरी गजबजणार आणि कुठली रिकामी राहणार हे तिथे बऱ्याच अंशी परवान्याचा कोटाच ठरवतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात किंवा लॉस एंजलिसकडे राहणारी आपली मंडळी 'शांत जागा सांगा' म्हणून विचारतात. सुट्टीत मुलांकडे आलेले, सह्याद्रीत मुरलेले ट्रेकरही तेच विचारतात. जागेचं नाव सांगून उपयोग होत नाही, कारण नाव पसरलं की जागा शांत राहत नाही. पद्धत समजली तर मात्र दरवर्षी नवी जागा आपली आपण शोधता येते. म्हणून ही माहिती सविस्तर लिहिते आहे.

इथे मुख्यतः इन्यो राष्ट्रीय वनाची पद्धत सांगते. सिएराच्या पूर्व उतारावर, ३९५ क्रमांकाच्या महामार्गालगत हे वन पसरलेलं आहे. त्यातला मोठा भाग 'वाइल्डरनेस' म्हणून राखीव आहे. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या अशा क्षेत्रात रस्ते नाहीत, गाडी नाही, सायकलसुद्धा नाही. जे आहे ते पायी. दिवसभर फिरून संध्याकाळी परत येणार असाल तर माउंट व्हिटनी या इथल्या सर्वांत उंच शिखराचा परिसर सोडून परवाना लागत नाही. रात्र काढायची असेल तर वर्षभर लागतो, आणि १ मे ते १ नोव्हेंबर या काळात त्याला कोटा असतो.

कोटा असतो तो ट्रेलहेडचा, म्हणजे जिथून पायवाट सुरू होते त्या ठिकाणाचा. त्या वाटेने अमुक दिवशी इतकीच माणसं मुक्कामाला आत जाऊ शकतात, असा हिशोब. तो माणशी असल्यामुळे एकट्या माणसाला मोठा फायदा मिळतो. चौघांच्या गटाला चार जागा एकदम मोकळ्या लागतात. एकट्याला एक पुरते. ऐन जुलैत, शनिवारी, 'भरलं' असं वाटणाऱ्या वाटेवर एखादी जागा अधूनमधून उगवते. कोणीतरी बेत रद्द केलेला असतो, आणि ती एक जागा कुठल्याच गटाच्या कामाची नसते. एकट्याने जाणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं.

कोणाला मिळतो

अर्ज करणारा १८ वर्षं पूर्ण झालेला हवा. नागरिकत्वाची अट नाही. ग्रीन कार्डवाले, नोकरीच्या व्हिसावर असलेले, शिकायला आलेले, पर्यटक व्हिसावर आलेले आई-वडील, सगळ्यांना सारख्याच नियमांनी परवाना मिळतो. पूर्वानुभवाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, वाटाड्या यांपैकी काहीही मागत नाहीत. आपल्या क्षमतेचा अंदाज आपणच घ्यायचा. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते, पण तिच्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांना कोणी अडवतही नाही, हेही खरं.

परवाना हस्तांतरित होत नाही. मित्राच्या नावावर निघालेल्या परवान्यावर तुम्ही एकटे जाऊ शकत नाही. विकत घ्यायचा तर विचारही नको.

कागदपत्रं

यादी छोटी आहे. छायाचित्र असलेलं ओळखपत्र, आणि त्यावरचं नाव आरक्षणातल्या नावाशी जुळणारं. इथे राहणाऱ्यांना ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी चालतो. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, झेरॉक्सवर विसंबू नये. आपल्याकडे नावाचा घोळ नेहमी होतो: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आरक्षणाच्या खात्यावर ते नाही, आडनाव पुढे-मागे. खातं उघडतानाच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाकलं की खिडकीवर समजावत बसावं लागत नाही.

गाडी भाड्याने घेणाऱ्या पाहुण्यांसाठी: कॅलिफोर्नियात पर्यटक म्हणून आलेल्याला स्वतःच्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. तरी भाड्याच्या गाडीच्या कंपनीच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून आणलेला बरा. अर्जात गाडीचा क्रमांक विचारला तर तोही हाताशी असावा.

आरक्षण कधी आणि कसं

आरक्षण 'रिक्रिएशन डॉट गव्ह' या सरकारी संकेतस्थळावर होतं. खातं आधी उघडून ठेवा, कार्डाची माहिती आधी भरून ठेवा. भारतातल्या कार्डाने पैसे भरणार असाल तर त्यावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, ते बँकेच्या ॲपमध्ये आदल्या दिवशी तपासा.

कोट्याचे दोन भाग असतात. ६० टक्के जागा प्रवेशाच्या तारखेच्या सहा महिने आधी खुल्या होतात, उरलेल्या ४० टक्के दोन आठवडे आधी. दोन्ही वेळा सकाळी ७ वाजता, पॅसिफिक वेळेनुसार. समजा २० ऑगस्टला आत जायचं आहे. पहिली संधी २० फेब्रुवारीला, दुसरी ६ ऑगस्टला. भारतातून आरक्षण करणाऱ्यांसाठी फेब्रुवारीत ती वेळ रात्री साडेआठची आणि ऑगस्टमध्ये संध्याकाळी साडेसातची, कारण मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे असतात. या एका तासाच्या फरकात चांगल्या तारखा हातच्या जातात.

एकट्याने जाणाऱ्यांना माझा सल्ला दुसऱ्या संधीचा, दोन आठवडे आधीच्या. तोपर्यंत बर्फ किती उरलंय, कुठे वणवा पेटलाय, धूर कुठल्या बाजूला जातोय हे कळलेलं असतं. सहा महिने आधी हे कोणालाच माहीत नसतं. जून महिन्यात उंच खिंडींवर भरपूर बर्फ असू शकतं, जुलैत डासांचा जोर असतो, आणि जुलै-ऑगस्टच्या दुपारी विजांसह वादळं होतात. शाळा सुरू झाल्यावरचा ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची, लेबर डेची, सुट्टी उलटल्यानंतरचे आठवडे मला सर्वांत सुंदर वाटतात. डास संपलेले, गर्दी ओसरलेली, दिवस अजून उबदार.

शुल्क एका आरक्षणाला ६ डॉलर आणि माणशी ५ डॉलर. व्हिटनीच्या परिसराला माणशी १५. बेत बदलला तर आरक्षण रद्द करायचा आळस करू नका. ६ डॉलर परत येत नाहीत, पण ती जागा पुन्हा खुली होते आणि तुमच्यासारख्याच कोणा एकट्याला मिळते.

कुठलं ट्रेलहेड निवडावं

खरं काम इथे आहे. यासाठी नकाशासमोर एक अख्खी संध्याकाळ द्यावी.

आरक्षणाच्या पानावर ट्रेलहेडनिहाय शिल्लक जागा दिसतात. कुठल्या वाटा क्षणात भरतात आणि कुठल्या आठवडाभर तशाच राहतात, हे नुसतं बघत राहिलं तरी गर्दीचा नकाशा डोक्यात तयार होतो. व्हिटनीला लॉटरी लागते; तिथे दिवसाला मुक्कामाचे ६० आणि एका दिवसात जाऊन येणारे १०० जण सोडतात. एकांतासाठी ते नाव विसरा. केअरसार्ज पास, बिशप पास ('पास' म्हणजे इथे खिंड), लिटल लेक्स व्हॅली या वाटांनाही मोठी मागणी असते, आणि त्याचं कारण उघड आहे: गाडी ९-१० हजार फुटांपर्यंत जाते. केअरसार्जला ओनियन व्हॅलीत ९,२०० फुटांवर गाडी लावायची आणि सुमारे अडीच हजार फूट चढलं की खिंड.

आता शेजारच्या वाटा बघा. शेपर्ड पासची वाट ६,३०० फुटांवर सुरू होऊन १२,००० फुटांपर्यंत जाते, मधे उतरून पुन्हा चढावं लागतं ते वेगळंच. सॉमिल पासची वाट तर ४,६०० फुटांवर, सेजब्रशच्या झुडपांच्या वाळवंटात सुरू होते आणि ११,३०० फुटांवर संपते. आपल्या कळसूबाईचा माथा सुमारे ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे सुरुवात त्याच्याही खाली आणि शेवट त्याच्या दुपटीहून वर. याच कारणाने या वाटा मोकळ्या राहतात. ज्याचे पाय आणि डोकं तयार आहे त्याने इथे यावं. पहाटे अंधारातच निघावं, कारण खालचा टप्पा दुपारी भाजून काढतो. वर कुठे पाणी आहे आणि ट्रेलहेडपर्यंतचा कच्चा रस्ता पुराने खराब तर झालेला नाही, हे निघण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारावं.

इतकी चढाई नको असेल तर दुसरा मार्ग आहे. परवान्यात प्रवेशाचं ठिकाण आणि तारीख पक्की असते. आत गेल्यावर मुक्काम कुठे करायचा हे, काही बंद किंवा विशेष नियमांच्या जागा सोडल्या तर, तुमच्यावर असतं. म्हणून मध्यम गर्दीची वाट घ्या आणि टोपोग्राफिक नकाशात असा तलाव शोधा जिथे आखलेली पायवाट जात नाही, पण मुख्य वाटेपासून मैलभराच्या आत, विरळ समोच्च रेषांवरून, म्हणजे सौम्य उतारावरून पोहोचता येतं. अशी कुंडं सिएरात पुष्कळ आहेत. बहुतेक लोक वाटेवरच्या पहिल्या तलावाशी थांबतात, त्यामुळे तेवढ्या मैलभरानेही मोठा फरक पडतो. एकट्याने पायवाट सोडायची तर नकाशा वाचता यायलाच हवा, आणि सैल दगडांच्या उतारावर घाई नको.

परवाना हातात घेताना

आरक्षणाची पावती हा परवाना नसतो. परवाना कधी, कुठून आणि कसा घ्यायचा हे त्या पावतीवर लिहिलेलं असतं. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मुदत चुकली तर जागा दुसऱ्याला जाते. इन्योची माहिती केंद्रं लोन पाइन, बिशप, मॅमथ लेक्स आणि ली व्हायनिंग इथे आहेत. जमेल तर एका केंद्रात प्रत्यक्ष जाच. तिथल्या रेंजरला, म्हणजे वनरक्षकाला, 'अमुक ओढ्याला पाणी आहे का', 'त्या खिंडीत बर्फ आहे का' असं थेट विचारता येतं. आत असताना परवाना सोबत लागतो, वाटेत रेंजर बघायला मागतात. सलग प्रवासात इन्योमधून आत शिरून खिंडीपलीकडे किंग्ज कॅनियन किंवा योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानांत गेलात तर तोच परवाना चालतो, मात्र तिथले नियम लागू होतात.

योसेमिटीतूनच सुरुवात करणार असाल तर पद्धत थोडी वेगळी आहे. ६० टक्के जागा २४ आठवडे आधी लॉटरीने जातात, ४० टक्के सात दिवस आधी सकाळी ७ वाजता खुल्या होतात. तिथे योसेमिटी व्हॅली, टुआलमी मेडोज अशा वस्तीच्या भागांपासून वाटेने किमान ४ मैल आणि कुठल्याही रस्त्यापासून १ मैल आत गेल्याशिवाय मुक्काम करता येत नाही.

सोबत लागणारी आणखी एक परवानगी आणि एक डबा

शेकोटीच नव्हे, गॅसची शेगडी पेटवायलाही 'कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट' लागतं. ते ऑनलाइन, मोफत आणि काही मिनिटांत मिळतं. छोटी प्रश्नमंजूषा सोडवायची असते आणि ते वर्षअखेरपर्यंत चालतं. उंचावर शेकोटीला मनाई आहे (योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर कुठेच नाही), आणि वणव्याच्या काळात खालीही बंदी लागते. शेकोटीचा विचार सोडून गरम कपडे न्यावेत. तिथली झाडं फार हळू वाढतात, आणि पडलेलं लाकूडही त्या मातीला हवं असतं.

अस्वलांसाठीचा कडक डबा, बेअर कॅनिस्टर, इन्योच्या अनेक भागांत सक्तीचा आहे. नसेल तर भाड्याने मिळतो. त्यात फक्त जेवण ठेवायचं नाही, वास येणारं सगळं जातं: चिवडा, मेतकूट, टूथपेस्ट, सनस्क्रीन, रिकामी पाकिटंसुद्धा. रात्री डबा तंबूपासून दूर ठेवायचा. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत आणि गॅस संपतो. भाजलेल्या रव्याचा तयार उपमा किंवा पातळ पोहे न्यावेत.

तंबू पाण्यापासून आणि वाटेपासून १०० फुटांवर, खडकावर किंवा आधीच मोकळ्या झालेल्या मातीवर. हिरवळीवर नको. शौचाला पाण्यापासून दूर ६ ते ८ इंच खोल खड्डा, कागद पिशवीत बांधून परत आणायचा.

एकट्याने जाणाऱ्यांनी एक गैरसमज मनातून काढून टाकावा. परवान्यावर परतीची तारीख असते, पण त्या दिवशी तुम्ही आलात की नाही हे कोणी तपासत नाही. घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाकडे लेखी बेत ठेवा: ट्रेलहेड, गाडीचा रंग आणि क्रमांक, कुठल्या रात्री साधारण कुठे, आणि 'अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर ९११ ला कळव' ही ठरलेली वेळ. शोध आणि बचावाचं काम तिथल्या काउंटीचा (जिल्ह्याचा) शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, बघतो. आत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा उपग्रहाद्वारे निरोप पाठवणारं यंत्र विकत नाही तर भाड्याने घ्या. समुद्रसपाटीवरून थेट गाडीने येत असाल तर पहिली रात्र ट्रेलहेडजवळच्या कॅम्पग्राउंडवर काढा. डोकं दुखून मळमळायला लागलं आणि थांबेना, तर खाली उतरा, परवान्याचे पैसे गेले तरी चालतील.

परवाना मिळालाच नाही तर

वाइल्डरनेसच्या बाहेरच्या राष्ट्रीय वनात, कच्च्या रस्त्यांच्या कडेला, आधीपासून वापरात असलेल्या मोकळ्या जागी बऱ्याच ठिकाणी परवान्याशिवाय आणि मोफत राहता येतं. मुदत साधारण १४ दिवस. याला 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात. पाणी, शौचालय, कचराकुंडी काहीच नसतं. कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे हे वनविभागाच्या मोफत वाहन-नकाशावर दिसतं. शेगडीसाठीचं परमिट इथेही हवंच. लोन पाइनजवळचं अलाबामा हिल्स मात्र वेगळ्या खात्याकडे आहे, तिथे ठरलेल्या जागांवरच आणि त्यांचा स्वतंत्र परवाना घेऊन राहावं लागतं. शिवाय ते सुमारे साडेचार हजार फुटांवर असल्याने भर उन्हाळ्यात तापतं. त्यापेक्षा बिशप किंवा मॅमथच्या वरच्या बाजूचे, ८ हजार फुटांपुढचे वनरस्ते बघावेत.