सचिवालय, चंदीगड

चंदीगडच्या सेक्टर १ मधील कॅपिटॉल या शासकीय इमारतींच्या संकुलातली पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या कारभाराची इमारत. मुंबईत जे मंत्रालय, ते इथे सचिवालय. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताकडील पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवले गेले. सचिवालयाचा आराखडा स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचा. बांधकाम १९५८ साली पुरे झाले.

सुमारे २५४ मीटर लांब आणि ४२ मीटर उंच अशी ही काँक्रीटची भिंतच म्हणावी. एवढी मोठी असूनही विधानसभा आणि उच्च न्यायालयाला ती झाकत नाही, कारण तिला संकुलाच्या कडेला उभे केले आहे. आत सहा भाग एकापुढे एक जोडलेले असून, उष्णतेने काँक्रीट फुगते-आकसते म्हणून त्यांच्या सांध्यांत फटी सोडल्या आहेत. दर्शनी भागावर ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या खोल चौकटींची जाळी आहे. चौथ्या भागापाशी ही एकसुरी जाळी मोडते आणि चौकटी मोठ्या होतात. तिथे मंत्र्यांची दालने आहेत. मंत्री कुठे बसतात, हे बाहेरूनच कळते.

गिलावा कुठेही नाही. साच्याच्या फळ्यांचे वळ काँक्रीटवर तसेच राहिले आहेत. यंत्रे कमी होती. बरेचसे काम मजुरांच्या, त्यांत बायकांच्याही, डोक्यावरच्या घमेल्यांनी झाले. इमारतीच्या रूपात त्या हातांचाही वाटा आहे, आणि तो कॉर्बुझिए यांच्या नावाइतकाच आठवला पाहिजे.

सर्वांत देखणा भाग रॅम्पचा. कचेरी भरताना आणि सुटताना हजारो कर्मचाऱ्यांचा लोंढा लिफ्टवर सोडून भागणार नव्हते. म्हणून इमारतीबाहेर, पुढच्या व मागच्या बाजूस, चालत वर जाण्याचे बंदिस्त उतार काढले. चढताना लहान झरोक्यांतून उजेड येतो.

उन्हाळ्यात मात्र ऊन अडवणाऱ्या त्याच चौकटी तापतात आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. पुढे खिडक्यांना वातानुकूलन यंत्रे लागली, त्यात दर्शनी भागाची रेखीव शिस्त बिघडली.

१९६६ साली हरियाणा वेगळे झाल्यावर इमारत दोन सरकारांत वाटली गेली. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची इथेच बॉम्बस्फोटात हत्या झाली. २०१६ साली कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. वारसा असला तरी कचेरी चालू आहे, त्यामुळे आत जायला परवानगी लागते.