मार आईला, परिणाम मुलीवर

‘पोरींना मी कधी बोटही लावलं नाही,’ बायकोवर हात उचलणारे कितीतरी पुरुष हे अभिमानाने सांगतात. पण मुलीच्या मेंदूला ही सूट मिळत नाही.

२०११ साली लंडनच्या संशोधकांनी घरात हिंसा अनुभवलेल्या मुलामुलींना एमआरआय यंत्रात रागावलेले चेहरे दाखवले. धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला आणि शरीरातल्या खळबळीची दखल घेणारा इन्सुला, हे दोन्ही भाग इतर मुलांपेक्षा त्यांच्यात जास्त उद्दीपित झाले. युद्धावर जाऊन आलेल्या सैनिकांच्या मेंदूतही असंच आढळलं होतं. ही मुलं आजारी नव्हती, धोका लवकर हेरायला त्यांचा मेंदू शिकला होता. दारात चपला कशा काढल्या यावरून वडिलांचा राग ओळखणारी आठवीतली मुलगी हेच करत असते. घरात त्यामुळे ती सावध राहते. वर्गात मात्र बाईंचा आवाज जरा चढला की तिची छाती धडधडते आणि फळ्यावरचं गणित डोक्यात शिरत नाही.

लहानपणी आईवडिलांमधली मारहाण पाहिलेल्या तरुणांचा अमेरिकेतला २०१२चा एक अभ्यास आहे. त्यांच्या मेंदूत दृश्य समजून घेणाऱ्या एका भागाचं आकारमान कमी आढळलं आणि ११ ते १३ या वयात पाहिलेल्या हिंसेशी त्याचा संबंध सर्वांत ठळक होता. अभ्यास छोटा होता, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी वयात येण्याच्या उंबरठ्यावरचं हे वय नजरेआड करून चालणार नाही.

मुलींमध्ये हा ताण बऱ्याचदा आत वळतो: उदासी, चिंता, पोटदुखी, झोप न लागणं. धाकट्या भावाला दुसऱ्या खोलीत नेणारी, आईच्या खांद्याला तेल चोळणारी मुलगी शाळेत ‘समजूतदार’ ठरते. मला सर्वाधिक काळजी तिचीच वाटते, कारण तिच्याबद्दल कुणाची तक्रारच येत नाही.

२००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आईला मार खाताना पाहिलेल्या स्त्रियांना स्वतःच्या संसारात मारहाण होण्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट होतं. पण हे विधिलिखित नव्हे. अशा घरांतून आलेल्या अनेकींच्या वाट्याला ते येत नाही. भरवशाची एखादी आजी, मावशी किंवा शिक्षिका असली तरी मोठा आधार मिळतो.

आणि आईची सुटका हाच मुलीसाठीही पहिला उपचार आहे. मुंबईत २००० सालापासून महापालिकेच्या रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र अशा स्त्रियांना समुपदेशन देतं. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. १०९८ वर मुलगी स्वतःही फोन करू शकते.