टास्क पद्धत (अमेरिकेतली गुलामगिरी)

अमेरिकेच्या दक्षिण भागात मळेवाले गुलामांकडून दोन रीतींनी काम काढून घ्यायचे, गँग आणि टास्क. आपल्या भाषेत सांगायचं तर गँग म्हणजे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत रोजावरचं काम आणि टास्क म्हणजे उक्तं, नेमून दिलेलं संपलं की मोकळं, फक्त मजुरी दोन्हीकडे नाही. गँगमध्ये सगळे ओळीने एकाच वेगात पुढे सरकायचे, मागे ड्रायव्हर, म्हणजे मुकादमच, पण बहुतेकदा तोही गुलाम, आणि त्याच्यावर पगारी गोरा ओव्हरसीअर. तंबाखू, ऊस आणि आतल्या भागातला कापूस इथे गँग चालायची, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर भातशेतीत टास्क.

भाताच्या खुरपणीचा टास्क साधारण पाव एकर, म्हणजे दोन्ही बाजूंनी १०५ फूट. धडधाकट माणूस फुल हँड, पोरं नि म्हातारे हाफ किंवा क्वार्टर हँड, त्या हिशोबाने तुकडा लहान. उरलेल्या वेळात लोक स्वतःची वाफे-कोंबड्या बघायचे, थोडंफार विकायचेही.

ही पद्धत आली कुठून यावर बराच वाद आहे. जुनं मत असं की तापाच्या भीतीने मालक उन्हाळाभर मळा सोडून जायचे, मग देखरेखीला माणूस कमी, म्हणून मोजून काम. इतिहासकार फिलिप मॉर्गन यांनी १९८२ मध्ये पिकावर भर दिला, भात काटक, सतत डोळा ठेवायची गरज नाही, आणि चर-बांधांमुळे शेताचे तुकडे आयतेच मोजलेले. भूगोलाच्या अभ्यासक ज्युडिथ कार्नी (२००१) म्हणतात की भाताचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून आलेल्यांकडेच होतं आणि त्याच्या बदल्यात त्यांनी ही सवलत मिळवली असावी. हे ऐकायला पटतं, पण २००७ मध्ये गुलामांच्या जहाजांची आकडेवारी तपासणाऱ्यांनी त्यावर मोठी शंका घेतली, त्यामुळे एकच कारण धरून चालणं अवघड. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पद्धत रुळली होती एवढं मात्र बहुतेक मानतात.

कापसाच्या वेचणीत तिसराच प्रकार, काम गँगचं पण मोजणी माणसागणिक. स्वतः बारा वर्षं गुलाम राहिलेला सॉलोमन नॉर्थप १८५३ मध्ये लिहितो की लुईझियानात रोज संध्याकाळी टोपली काट्यावर जायची, कमी भरली तर चाबूक आणि जास्त भरली तर उद्यापासून तेवढीच भरायची. टोपली घेऊन काट्याकडे जाताना दमलेल्या माणसाचाही जीव धाकधुकायचा. मळेवाल्यांसाठी थॉमस अफ्लेकने काढलेल्या छापील हिशोबवह्यांत प्रत्येकाच्या वेचणीचे रोजचे रकाने होते, आणि वर्षअखेरीला बैल-खेचरांसारखीच माणसांची किंमत मांडायलाही पान होतं.

मळ्याबाहेर जायला पास, म्हणजे मालकाची चिठ्ठी लागायची, ती तपासायला गस्तीवाले, साउथ कॅरोलायनात १७०४ पासून. तिथल्याच गुलामांच्या १७३९ च्या स्टोनो उठावानंतर १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली, ज्याला लिहिता येतं तो पासही लिहू शकतो हे त्यामागे असावं.

चाबकाच्या प्रमाणावरही भांडण आहे. बेनेट बॅरो या मळेवाल्याच्या डायरीवरून फोगेल आणि एंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये माणशी वर्षाला सरासरी ०.७ फटकेशिक्षा काढल्या. इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी तीच डायरी उलटी वाचली, दर चार-पाच दिवसांनी मळ्यावर कुणालातरी फटके, आणि ते बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर. गटमनचं वाचन जास्त पटतं, कारण धाक सरासरीने बसत नाही.